मारुती ८०० रिबिल्ड: हेड फेसिंग आणि ०.५० ओव्हरसाइजनंतर कम्प्रेशन रेशो कसा काढायचा?

तीन_सिलिंडर (प्रश्न)

गाडी मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली, एफ८बी इंजिन. मूळ बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८.५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७२ मिमी, ७९६ सीसी. ब्लॉक ०.५० ओव्हरसाइजला बोअर करून होन केलाय, म्हणजे बोअर आता ६९.०० मिमी. हेड गॅस्केट गेलं होतं, हेड वाकलेलं निघालं, म्हणून फेसिंगला (मशीनवर तळ सपाट करायला) दिलं. त्यांनी १५ थाउ (इंचाचे हजारावे भाग) उतरवले, म्हणजे साधारण ०.३८ मिमी.

हाताशी असलेली मापं अशी:

हेडमधलं ज्वलनाचं चेंबर (बुरेटने): नं. १ ला २४.८, नं. २ ला २४.६, नं. ३ ला २४.२ सीसी
टीडीसीला (पिस्टन सर्वात वर असताना) पिस्टन ब्लॉकच्या फेसपेक्षा ०.१५ मिमी खाली
पिस्टनच्या माथ्यावर उथळ खळगा आहे, तो मोजलेला नाही
गॅस्केट नवीन आहे, पाकिटावर जाडी लिहिलेली नाही

नं. २ साठी फक्त चेंबर आणि डेकची फट (ती ०.१५ मिमी) धरली तर २४.६ + ०.५६ = २५.१६ सीसी होतात. स्वेप्ट व्हॉल्यूम, म्हणजे पिस्टन एका धावेत व्यापतो ती जागा, २६९.२३ सीसी. रेशो ११.७० येतो. कंपनीचा आकडा ८.७ च्या आसपास असताना ०.३८ मिमी फेसिंगने एवढी उडी शक्यच नाही. खळगा आणि गॅस्केट धरायला हवं हे उघड आहे, पण खळग्याचं माप खात्रीने कसं घ्यायचं? हेड न बसवता गॅस्केटची दबलेली जाडी कशी कळेल? चेंबरांमधला ०.६ सीसीचा फरक सोडून द्यावा का? आणि गॅरेजमधला सल्ला आहे की जाड गॅस्केट टाका, नाहीतर नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून होणारी ठकठक) होईल. टाकावं का?

---

डायलगेज_कोल्हापूर

स्वेप्ट बरोबर काढलाय. ६.९ सेंमी व्यासाचं क्षेत्रफळ ३७.३९ चौ. सेंमी, गुणिले ७.२. सगळी मापं आधी सेंटिमीटरमध्ये करून घ्यायची ही सवय चांगली, उत्तर थेट सीसीत येतं. मिमीमध्ये गुणाकार केला की शेवटी १००० ने भागायचं राहतं किंवा चुकून १०० ने भागलं जातं, आणि गॅस्केटसारख्या लहान आकड्यात ते लक्षातही येत नाही.

आता खळगा. पिस्टन टेबलावर ठेवून खळग्यात पाणी भरून मोजू नका. माथ्याची कड किंचित उतरती असते, वरच्या रिंगच्या वर पिस्टन आणि भिंत यांच्यात बारीक फट असते, व्हॉल्व्हसाठी कापलेले खिसे कडेला उघडे असतात. हे सगळं एकत्र मोजलं जायला हवं आणि ते सिलिंडरमध्येच होतं:

१. पिस्टन रिंगांसकट बसवा. तो वर येताना भिंतीला वरच्या भागात पातळ ग्रीस लावून ठेवा. पिस्टन वर आल्यावर कडेने बाहेर आलेलं जास्तीचं ग्रीस पुसून काढा. फटीत राहील तेवढंच हवं.

२. डायल गेज ब्लॉकच्या फेसवर शून्य करा आणि पिस्टन बरोबर १०.०० मिमी खाली न्या. क्रँक एकाच दिशेने फिरवत या मापावर थांबा. पुढे गेलात तर मागे ओढून जुळवू नका, पूर्ण फेरी मारून पुन्हा या, नाहीतर बेअरिंगांमधली ढील मापात शिरते. गेजचं टोक खळग्यात नको, माथ्याच्या सपाट कडेवर, आणि तेही गजन पिनच्या (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनच्या) रेषेत. पिनच्या आडव्या बाजूला पिस्टन डुलतो. पिनच्या दोन्ही टोकांकडे माप घेऊन सरासरी धरा.

३. बोअरवर अॅक्रिलिकची जाड पट्टी ग्रीसने चिकटवून बुरेटने भरा.

१० मिमी उंचीच्या साध्या सिलिंडरचं व्हॉल्यूम ३७.३९ सीसी. बुरेटने समजा ४१.२ भरलं तर जादाचे ३.८ सीसी म्हणजे खळगा, खिसे, कडेची फट सगळं मिळून. कमी भरलं तर पिस्टन फुगीर माथ्याचा आहे, तेव्हा तो आकडा वजा करायचा.

इथे चूक होते ती खोलीची. १० मिमीच्या जागी पिस्टन १०.१ वर असेल तर ०.३७ सीसीचा फरक पडतो आणि रेशो जवळजवळ ०.०९ ने हलतो. व्हर्नियरच्या दांडीने खोली घेऊन हे काम होत नाही.

गॅस्केटसाठी दोन रस्ते. तुमच्या इंजिनातून निघालेलं गॅस्केट त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं असेल तर बोअरच्या कडेची धातूची रिंग जिथे जळलेली नाही तिथे मायक्रोमीटरने मोजा. दुसरा रस्ता जास्त भरवशाचा: सोल्डर. १.५ ते २ मिमी जाडीची मऊ सोल्डर वायर घ्या, पिनच्या रेषेत दोन्ही कडांना, हेडचा सपाट भाग जिथे पिस्टनसमोर येतो तिथे ग्रीसने चिकटवा. गॅस्केटसकट हेड पूर्ण टॉर्कला आवळा, टायमिंग बेल्ट न लावता आणि कॅमवरून रॉकर ढिले करून, म्हणजे व्हॉल्व्ह बंदच राहतील. क्रँक हाताने टीडीसी ओलांडून न्या, हेड काढा, चेपलेली वायर मोजा. ती १.३५ आली आणि पिस्टन ०.१५ खाली असेल तर गॅस्केट १.२० दबलंय.

या चाचणीत गॅस्केट दबून वाया जातं. ते पुन्हा बसवू नका. मोजमापासाठी एक, बसवायला त्याच प्रकारचं दुसरं.

गॅस्केटचं भोक बोअरपेक्षा मोठं असतं हेही धरा. ७०.५ मिमी असेल तर ३९.०४ चौ. सेंमी गुणिले ०.१२, म्हणजे ४.६८ सीसी. बोअरचाच व्यास धरला तर ४.४९ येतात.

या मापांनी नं. २ चा हिशोब:

चेंबर २४.६
गॅस्केट ४.६८
खळगा वगैरे ३.८
डेक ०.५६
एकूण ३३.६४ सीसी

रेशो = १ + (२६९.२३ ÷ ३३.६४) = ९.००

खळगा आणि गॅस्केटचे आकडे तुमच्या मापांनी बदला. या इंजिनात अंदाज असा ठेवा की क्लिअरन्समधला (वरच्या एकूण जागेतला) १ सीसी म्हणजे रेशोत ०.२३.

---

व्हॉल्व्हसीट

वरचा हिशोब बरोबर आहे. मी चेंबरच्या मापाबद्दल लिहितो, कारण तीन आकडे २४.८, २४.६, २४.२ असे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला उतरत गेलेत. सरासरी काढण्याआधी कारण शोधा. फेसिंगला हेड तिरकं धरलं गेलं असेल तर असंच दिसतं. हेडची जाडी चारही कोपऱ्यांवर मोजा, फेसपासून व्हॉल्व्ह कव्हरच्या मशीन केलेल्या बाजूपर्यंत. चेंबरच्या तोंडाचं क्षेत्रफळ समजा ३० चौ. सेंमी असेल तर ०.६ सीसी म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या चेंबरमध्ये ०.२ मिमीचा उतार. एवढा उतार मायक्रोमीटरला लपत नाही. असेल तर हेड परत मशीनवर जायला हवं. तेव्हा उंच टोकाकडचं मटेरियल निघेल आणि चेंबर आणखी लहान होतील, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

जाडी सारखी निघाली तर व्हॉल्व्ह बघा. नवीन सीट बसवलेल्या चेंबरमध्ये व्हॉल्व्ह वर बसतो आणि चेंबर लहान होतं. अनेकदा कापलेल्या सीटवर तो आत बुडतो आणि चेंबर मोठं होतं. समजा व्हॉल्व्हची तोंडं ३६ आणि ३० मिमी आहेत. दोन्हींचं क्षेत्रफळ मिळून सुमारे १७ चौ. सेंमी, त्यामुळे ०.२५ मिमी वरखाली म्हणजे ०.४ सीसी. म्हणून चेंबर मोजायचं ते सीट कटिंग आणि लॅपिंग (व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवणं) झाल्यावरच. आधी मोजलेला आकडा कामाचा राहत नाही.

मोजताना काय सांभाळायचं:

गाडीत लावणार तोच प्लग बसवा. वेगळ्या लांबीचा प्लग लावला तर माप बदलतं. व्हॉल्व्हच्या सीटला पातळ ग्रीस आणि हलकी स्प्रिंग पुरते.

चेंबरच्या तोंडावर ठेवायच्या अॅक्रिलिक प्लेटला दोन भोकं हवीत, एक भरायला आणि एक हवा जायला. हेड किंचित तिरकं ठेवून हवेचं भोक सर्वात उंच जागी आणा, नाहीतर प्लगच्या कोपऱ्यात बुडबुडा अडकतो आणि अर्धा सीसी कमी भरतं. ग्रीसचा थर जाड झाला तर प्लेट उचलली जाते आणि माप जास्त येतं.

द्रव म्हणून पाणी घ्यायचं तर रंग आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब घाला, म्हणजे ते कोपऱ्यांत शिरतं. केरोसीनही चांगलं. स्पिरिट मात्र अॅक्रिलिकवर वापरू नका, प्लेटला बारीक चिरा जातात. बुरेट नसेल तर १० मिलीची सिरिंज चालते, पण केरोसीनने तिचं रबर फुगतं आणि दट्ट्या अडकायला लागतो. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून ५० मिलीची, ०.१ मिलीच्या खुणांची बुरेट आणलेली बरी. डोळे द्रवाच्या पातळीत आणून खालच्या वळणावर वाचा. एकच चेंबर तीनदा भरा. आकडे ०.२ च्या आत आले नाहीत तर कुठेतरी गळतंय.

फेसिंगने किती सीसी जातील हे आधी ठरवायचं असेल तर चेंबरच्या तोंडाला शाई लावून आलेख कागदावर ठसा घ्या आणि चौकोन मोजा. बोअरचं पूर्ण क्षेत्रफळ धरू नका. ३० चौ. सेंमीच्या चेंबरला ०.३८ मिमी म्हणजे १.१ सीसी. बोअर धरला असता तर १.४ आले असते. भिंती उतरत्या असतील तर खरा आकडा याहून थोडा वेगळा निघतो, म्हणून शेवटी बुरेटच.

---

तीन_सिलिंडर

दोघांनाही धन्यवाद. कोपऱ्यांची जाडी घेतली, चारही ०.०२ मिमीच्या आत आहेत, म्हणजे उतार नाही. नं. ३ ला दोन्ही सीट नव्या आहेत, व्हॉल्व्ह बाकीच्यांपेक्षा ०.२ ते ०.२५ वर बसलेत. फरक तिथूनच आलेला दिसतो. खळगा तीनही पिस्टनला ३.८ च्या आसपास आला. सोल्डर १.३६, म्हणजे गॅस्केट १.२१. आता नं. ३ चं चेंबर वाढवावं का, आणि जाड गॅस्केटचं काय?

---

डायलगेज_कोल्हापूर

तुमच्या गॅस्केटने क्लिअरन्स ०.०४ सीसीने वाढतं, रेशोवर फरक ०.०१ चा, सोडून द्या. नं. १ ला ८.९५, नं. २ ला ८.९९, नं. ३ ला ९.०९. अंतर ०.१४. गाडी चालेल, पण नं. ३ आधी नॉक करेल आणि तुम्ही इग्निशन त्याच्यासाठी मागे घ्याल, मग बाकी दोघांची ताकद वाया. हेड हातात असताना हे दुरुस्त करणं सोपं आहे.

नं. ३ मधून ०.४ ते ०.५ सीसी काढा. सपाट स्क्विशच्या भागाला (हेडचा जो भाग पिस्टनच्या अगदी जवळ येतो) हात लावू नका. व्हॉल्व्हभोवतीची तीक्ष्ण कड, सीटच्या कटरने ठेवलेली पायरी, प्लगजवळच्या आट्यांची उघडी टोकं, एवढंच घासा. ही जागा तापून लाल होते आणि नॉकिंगची सुरुवात करते, म्हणून ती गोलसर करण्याचा फायदा दुहेरी. अॅल्युमिनियमचं वजन सीसीला २.७ ग्रॅम, ०.४५ सीसी म्हणजे १.२ ग्रॅम. तोंडाची बाजू घासायच्या आधी जुने, टाकून द्यायचे व्हॉल्व्ह सीटवर बसवा, म्हणजे सीट वाचतील. थोडं घासा, बुरेट लावा, पुन्हा थोडं.

जाड गॅस्केट नको. ०.३ मिमी जाड घेतलं तर १.१७ सीसी वाढतील आणि रेशो ८.७३ वर येईल, आकडा कंपनीच्या जवळचा दिसेल. पण स्क्विशची फट आत्ता १.३६ आहे, ती १.६६ होईल. अशा लहान बोअरला ती १ मिमीच्या आसपास असलेली चांगली. पिस्टन वर येताना त्या अरुंद फटीतलं मिश्रण जोराने प्लगकडे ढकललं जातं, घुसळतं आणि लवकर जळतं. फट वाढली की कडेचं मिश्रण तिथेच तापत बसतं. रेशो कमी होऊनही नॉकिंग तसंच राहतं, कधी वाढतं. दोन गॅस्केट एकावर एक लावणं तर त्याहून वाईट, टॉर्क टिकत नाही आणि पाणी सिलिंडरमध्ये उतरतं.

९ चा रेशो या इंजिनाला जड नाही. ०.५० ओव्हरसाइजनेच, क्लिअरन्स न बदलता, ८.७ चं ८.८ होतं. उरलेलं फेसिंगने आलंय. साधं पेट्रोल किमान ९१ ऑक्टेनचं आहे, आणि ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मध्ये इथेनॉलमुळे नॉकिंगला विरोध वाढतो. मात्र कार्ब्युरेटर इथेनॉल ओळखत नाही. ई२० ला हवेच्या मानाने जास्त इंधन लागतं, जुन्या जेटवर मिश्रण पातळ होतं आणि पातळ मिश्रण तापतं. रेशोची चिंता करताय तेवढीच जेटची (कार्ब्युरेटरमधलं इंधनाचं बारीक भोक) करा, प्लगचा रंग बघून. पांढरट, भाजल्यासारखा दिसला तर मेन जेट एक नंबर वाढवा.

---

पंपप्रेशर

मध्येच विचारतो. कम्प्रेशन गेजवर १२.५ किलो आलं तर रेशो १२.५ झाला का? आमच्याकडे सगळे असंच सांगतात.

---

डायलगेज_कोल्हापूर

नाही. रेशो म्हणजे दोन जागांचं गुणोत्तर, ते मोजपट्टी आणि बुरेटने ठरतं. गेज दाब दाखवतं. दाबताना हवा तापते, म्हणून दाब रेशोपेक्षा जास्त चढतो. दुसरीकडे इनटेक व्हॉल्व्ह बीडीसीनंतर (पिस्टन सर्वात खाली गेल्यानंतर) बऱ्याच उशिरा बंद होतो आणि तोवर पिस्टन वर यायला लागलेला असतो, म्हणजे दाबायला पूर्ण स्ट्रोक मिळतच नाही.

या इंजिनावर करून बघता येईल. इनटेक बंद होतो त्या क्षणी पिस्टन बीडीसीपासून किती वर आलाय ते डायलने मोजा. समजा १४ मिमी. उरलेला स्ट्रोक ५८, त्याचं व्हॉल्यूम २१६.९ सीसी. ३३.६४ ने भागून १ मिळवा, ७.४५ येतात. हा डायनॅमिक रेशो. हवा तापण्याचा घातांक १.३ धरला तर दाब सुमारे १३.६ पट होतो, त्यातून बाहेरचा दाब वजा केला की गेजवर साडेबाराच्या आसपास. म्हणजे तुमचा साडेबारा किलोचा आकडा ९ च्या रेशोच्या इंजिनाचा असू शकतो.

बाहेरच्या हवेचा दाब कमी असल्याने महाबळेश्वरसारख्या उंचीवर तीच गाडी मुंबईपेक्षा साधारण १५ टक्के कमी दाखवते आणि इंजिनात काही बिघाड नसतो. बॅटरी उतरलेली, थ्रॉटल बंद, रिंग कोरड्या, सगळ्याने आकडा पडतो. गेजचा उपयोग तीन सिलिंडरांची एकमेकांशी तुलना करायला.

---

कास्टआयर्न३५०

बुलेटवाल्यांसाठी. जुन्या कास्ट आयर्न ३५० ला बोअर ७०, स्ट्रोक ९०, ३४६.४ सीसी. चेंबर घुमटासारखं आणि पिस्टन त्यात शिरलेला असेल तर चेंबर, खळगा, डेक वेगळं मोजत बसण्यापेक्षा इंजिन बांधून झाल्यावर प्लगच्या भोकातून भरणं सोपं पडतं. इंजिन असं तिरकं करा की प्लगचं भोक सर्वात वर येईल. पिस्टन कम्प्रेशनच्या टीडीसीला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद. पातळ तेल भरा, २० डब्ल्यू चालेल, केरोसीन रिंगांमधून लगेच उतरतं. भरल्यावर पातळी खाली जाऊ लागली तर माप टाकून द्या, रिंगांच्या फटीला ग्रीस भरून पुन्हा करा.

भोकाच्या वरच्या कडेपर्यंत भरलं तर प्लगने व्यापलेली जागा वजा करावी लागते. १४ मिमीच्या, १९ मिमी लांब आट्यांना सुमारे अडीच सीसी. हे विसरलं की रेशो कमी येतो: ५८ च्या जागी ६०.५ धरले तर ६.९७ चं ६.७३ होतं. माप झाल्यावर तेल पूर्ण काढून, प्लग न लावता इंजिन हाताने काही फेऱ्या फिरवा. तेल आत असताना किक मारली तर ते दाबलं जात नाही आणि रॉड वाकतो.

टू-स्ट्रोकवाल्यांनी पूर्ण स्ट्रोक धरायचा की एक्झॉस्ट पोर्ट बंद झाल्यापासूनचा, हे आधी ठरवावं. दोन आकड्यांत मोठं अंतर पडतं आणि जपानी कंपन्या बहुधा दुसरा आकडा छापतात. पोर्ट वर घासलं की तो आकडा चेंबरला हात न लावताही उतरतो.

---

व्हॉल्व्हसीट

प्रश्नकर्त्यासाठी एक राहिलं. हेड ०.३८ मिमी खाली आलं म्हणजे कॅमची पुली क्रँकच्या तेवढी जवळ आली. ओढल्या जाणाऱ्या बाजूचा बेल्ट ढिला पडतो, टेन्शनर दुसऱ्या बाजूने ते भरून काढतो आणि कॅम मागे पडतो. पुलीची त्रिज्या समजा ५० मिमी असेल तर ०.३८ भागिले ५० म्हणजे कॅमवर ०.४४ डिग्री, क्रँकच्या हिशोबात ०.९ डिग्री. एका दाताच्या फरकापेक्षा हे खूप कमी, म्हणून खुणा जुळल्यासारख्याच दिसतील आणि काही करायची गरज नाही. पण हे हेड आधीही फेस झालेलं असेल तर सगळी बेरीज करा. मूळ जाडी माहीत नसेल तर तशाच दुसऱ्या, न कापलेल्या हेडची मोजा.

हेड बसवण्याआधी ब्लॉकमधल्या बोल्टच्या भोकांत तेल किंवा कूलंट साठलेलं नाही ना ते बघा, वायरला कापड गुंडाळून कोरडी करा. भोकात द्रव असेल तर बोल्ट तळाला टेकल्यासारखा अडतो, टॉर्क रेंच क्लिक होतो आणि गॅस्केट दबलेलंच नसतं. काळजीने मोजलेली १.२१ ची जाडी मग १.३ च्या पुढे राहते, आणि ब्लॉक चिरण्याचीही भीती. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत आवळा.